तेरा हात खोली आणि फिफ्टीची लेन्स

आमची ऋतुजा जन्मली तेव्हा तिचा डावा डोळा दोन दिवस उघडलाच नव्हता. दवाखान्यातली बाई म्हणाली, चिकटला आहे, उघडेल आपोआप. उघडला. पण एका डोळ्यानं जग पाहायची गोडी त्या पोरीला बहुतेक तेव्हाच लागली. दोन वर्षांची असताना ती माझ्या बांगडीतून पाहायची. चार वर्षांची झाली तेव्हा सुताच्या रिकाम्या कांडीतून पाहायची. एका दिवाळीत तिनं चकलीच्या साच्याला डोळा लावला, तर डोळ्याभोवती पिठाचा पांढरा गोल उमटला. मी ओला पदर घेऊन धावेपर्यंत ती तो गोल नागपुरातल्या आमच्या अख्ख्या तांडापेठेला दाखवून आली होती.

आता बावीस वर्षांची आहे. कॉमर्स शिकली. एका झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढते. त्या फोटोत गिऱ्हाइकानं हसायचं नाही म्हणे. आणि आमच्या ऋतूचं तोंडच असं की ती समोर उभी राहिली तर म्हशीलाही हसू यावं. दुकानमालक रोज ओरडतो, "ऋतुजा, त्याईले हसवू नको, फोटो वापस येते!" तिच्यामुळे किती लोकांचं परदेश राहून गेलं असेल, देव जाणे.

घरी तिचा स्वतःचा कॅमेरा आहे. एका मास्तरांनी नवा घेतला तेव्हा त्यांचा जुना हिनं घेतला. तो गळ्यात घालून भिवापूरला आत्याकडे गेली आणि अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचे दोनशे फोटो काढून आणले. आत्यानं फोन केला, "मिरचीचे पाह्यले, आमचे कुठी हायेत?" आत्या एका फोटोत होती. म्हणजे तिचा एक पाय होता, मिरचीच्या पलीकडे. "पण पाय किती छान आला, आत्या," असं ऋतू वर तोंड करून म्हणाली.

गल्लीत कोणाचं काहीही असलं की हाक यायची, "ऋतू, एक फोटो मार ना वं!" ती मारायची, फुकट. लोक म्हणायचे छान, आणि खऱ्या लग्नाला खरा फोटोवाला बोलवायचे.

मग आलं करिष्माचं लग्न.

करिष्मा म्हणजे समोरच्या प्रेमिलाची पोरगी. आणि प्रेमिला म्हणजे बचत गटाची अध्यक्ष, राशनच्या रांगेची मालकीण आणि गल्लीतली एकुलती एक बाई जिला हसताना कोणी पाहिलेलं नाही. माझ्या म्हाताऱ्यानं तिला हसवायची पैज लावली होती. तो बिचारा पैज हरूनच गेला.

प्रेमिला दारात येऊन उभी राहिली. चहाला नाही म्हणाली, मग प्यायली.

"काकू, हळद तुमच्या खोलीत करू म्हणते. नवतपा सुरू हाये, मांडवात बाया भाजून निघतीन. अन् एवढी लांब खोली गल्लीत कोणाची नाई."

"कर ना वं. घर तुझंच हाये."

"अन् ऋतू," ती पोरीकडे वळली, "हळदीचे फोटो तू काढ. मले एक फोटो असा पायजे. मधात करिष्मा, या बाजूले दोन काकू, त्या बाजूले दोन मावश्या, हळद लावून राहिल्या. पाचही जणी पूर्ण. माझ्या लग्नात फोटोवाल्यानं माझी सख्खी काकू अर्धी कापली. मरेपर्यंत बोलली नाई ती माझ्याशी."

"फोटोवाल्याशी?" मी विचारलं.

"माझ्याशी!" प्रेमिला म्हणाली. "तो फोटो चांगला आला तं लग्नाचंबी काम तुलेच देईन, पैसे देऊन. नाई आला तं माझ्या भावानं एक फोटोवाला पाहून ठेवला हाये. त्याच्याजवळ उडणारा कॅमेराबी हाये."

ती गेली आणि आमची ऋतू खोलीत तीन गिरक्या घेऊन पलंगावर आडवी पडली. एवढ्यात तिचा बाप, माझा हेमराज, बस चालवून घरी आला. सगळं ऐकलं आणि हात धुता धुता म्हणाला, "ठीक हाये. लग्नाचं काम भेटलं तं कर तुझं फोटोचं. मी एक शब्द बोलणार नाई. नाई भेटलं तं जूनपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास, अन् कॅमेरा कपाटात."

ऋतू पलंगावरून उठून बसली. एका फोटोवर तिचं सगळं येऊन टेकलं होतं.

त्याच दिवशी तिनं मला पाटावर नवरीसारखं बसवून फोटो काढून पाहिला. उन्हामुळे खोलीचे पडदे बंद, ट्यूबलाइट मेली-जिती. फोटोत मी नव्हतेच. माझ्या जागी धुरासारखं काहीतरी हललेलं होतं. मग तिनं कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावून काढला, तर मी उकडलेल्या बटाट्यासारखी आले.

"आजी, ही जी कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स हाये ना, ती अंधारात कामाची नाई. हिचा डोळा बारीक. प्राइम लेन्स पायजे. तिचा डोळा मोठा राहते, कमी उजेडात बी स्वच्छ दिसते. पण ती झूम नाई होत. जवळचं पायजे तं आपण जवळ जा, दूरचं पायजे तं आपणच मागं सरका."

"म्हणजे तुझ्या आजोबासारखी," मी म्हटलं. "तो बी जागचा हलत नव्हता. मीच पुढंमागं होत होती."

"अन् स्वच्छ पाहत होता का?"

"माझ्यात खोट असली तं एकदम स्वच्छ."

ऋतूला हसू आवरेना. मग ती सांगत बसली की स्वस्तातली, साधी, शहाण्या माणसानं घ्यावी अशी लेन्स म्हणजे फिफ्टी नाहीतर पस्तीस, म्हणजे पन्नास नाहीतर पस्तीस मिलिमीटरची. फिफ्टी नवी मिळेल एवढे पैसे तिनं जमवले होते. नवी पस्तीस त्याच्या दुप्पट. मी म्हटलं चल, मीही येते. कपडा घ्यायला जाताना मला नेतात, मग काच घ्यायला काहून नाही नेणार?

सीताबर्डीत आधी तर्री पोहे खाल्ले, कारण रिकाम्या पोटी सौदा करू नये. मग एक जिना चढून ईश्वरदासांच्या दुकानात गेलो. ईश्वरदास साठीचे, एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा शोधत होते. जुने-नवे कॅमेरे विकतात. त्यांनी ऋतूसमोर तीन डबे मांडले.

"ही नवी फिफ्टी. ही नवी पस्तीस, पण ती तुमच्या बजेटच्या बाहेर. अन् ही जुनी पस्तीस, नव्या फिफ्टीच्या भावात. पोरी, तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान हाये. घरात फोटो काढायचे तं पस्तीस घे. फिफ्टी घरात टाइट होते. माणूस मागं सरकून सरकून भिंतीत जाते."

ऋतूचे डोळे जुन्या पस्तीसवर. मी म्हटलं, दाखव इकडे.

चाळीस वर्षं लुगडी विणली मी. कापड उजेडासमोर धरून एक डोळा बारीक करायचा आणि तुटलेला धागा शोधायचा, हेच माझं कॉलेज. ती लेन्स मी खिडकीपाशी नेली, उजेडासमोर धरली, हळूहळू फिरवली. आत काठापाशी कोळ्याच्या पायासारखे दोन-तीन धागे दिसले.

"भाऊ, याच्यात बुरशी धरली हाये. पावसाळ्यात ओल्या सुताले धरते तशी."

ईश्वरदासांनी लेन्स घेतली, नाकावरच्या चष्म्यानं पाहिली, कपाळावरच्या चष्म्यानं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, माझ्याकडं नोकरी करता का?"

"पोहे रोज देता का?"

ते म्हणाले, साफ करून देतो, पण आठ दिवस लागतील. हळद चार दिवसांवर. ऋतूचा चेहरा पडला. आणि इथं, सांगायला लाज वाटते, मला चढली. एक बुरशी काय सापडली, मला वाटलं लेन्सच्या धंद्यातलं सगळं मला कळतं.

"भिंतीत जाते की नाई ते मोजून पाहू," मी म्हटलं. "पाच जणी एका फोटोत पूर्ण याले ही फिफ्टी किती हात मागं न्या लागते?"

आमच्यात सगळं हातानं मोजतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. लुगडं सोळा हात, पंचा चार हात. दुकान अरुंद, म्हणून आम्ही बाहेरच्या गॅलरीत आलो. पाच माणसं पाहिजे होती. ईश्वरदास एक. शेजारच्या शिंप्याला ओढून आणलं, दोन. दोन काळे कोटवाले वकील जिना चढून वर कोणाला तरी भेटायला जात होते, त्यांना म्हटलं, बाप्पा, दोन मिनिटं नवरीच्या मावश्या व्हा. ते काही समजायच्या आत फरशीवर बसले. माणूस वकील असला तरी आजीनं सांगितलं की बसतो. पाचवा चहावाला. तो मधात बसला, म्हणजे नवरी.

"आता हळद लावा!" ऋतू ओरडली.

एका वकिलानं चहावाल्याच्या गालाला हात लावला. शिंप्याला असं हसू फुटलं की त्याच्या तोंडातली टाचणी उडाली आणि ती आम्ही सगळ्यांनी दहा मिनिटं शोधली.

ऋतू मागं सरकत गेली, पाचही जण पूर्ण दिसले तिथं थांबली. मी फरशीवर वाकून माझा हात टेकवत मोजत निघाले. एक, दोन, तीन. लोक जिन्यावर थांबून पाहू लागले. दहा हात. पस्तीस लावून मोजलं तर सात हात.

मी कंबर सरळ केली आणि निकाल दिला. "माझी खोली तेरा हात. नवरी, तिच्या मागचा पडदा, फुलं, अन् बाया, यात गेले तीन. उरले दहा. फिफ्टीले लागते दहा. नेमकी बसते. बांध ती फिफ्टी!"

"आजी, पक्कं तेरा?" ऋतूनं विचारलं.

"मागच्या भिंतीपासून पुढच्या भिंतीपर्यंत तेरा. त्या खोलीत माझी जिंदगी गेली वं. मले शिकवून राहिली!"

ईश्वरदास म्हणाले, "आजी, मी तुमाले सांगितलं ते ध्यानात ठेवा. विकलेली लेन्स वापस होत नाई."

"नका घेऊ वापस," मी म्हटलं. लेन्स एवढी हलकी की ऋतू ऑटोत तीनदा डबा उघडून ती आत आहे ना ते पाहत होती.

पुढचे चार दिवस घरात कोणाला शांती नव्हती. ती लेन्स जवळच्या वस्तूवर लावली की मागचं सगळं दुधात विरघळल्यासारखं दिसायचं. ऋतूनं भाकरी विरघळवली, हेमराजची बस विरघळवली, माझ्या सुनेच्या हातातला कांदा स्वच्छ आणि सून धूसर, असा फोटो काढला. सून म्हणाली, "या घरात माझी हीच किंमत हाये." पण सगळ्यांना फोटो आवडले. रात्री खोलीतून चीं चीं असा बारीक आवाज महिनाभर येत होता, तेवढा एक त्रास. हेमराज म्हणायचा कूलरची मोटर कुरकुरते. त्यानं दोनदा तेल घातलं.

हळदीच्या दिवशी सकाळी दहालाच रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. आमच्या खोलीत समोरच्या भिंतीला झेंडूचा पडदा, त्यापुढं पाट, पाटावर करिष्मा पिवळ्या पातळात. दोन्ही बाजूला दोन काकू, दोन मावश्या, हातात आंब्याची पानं. परातीत हळद. गाणी सुरू झाली, तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला. बाया ओरडल्या, मी उठून बाजूच्या खिडकीचा पडदा ओढला. विणणाऱ्यांच्या घराची खिडकी खाली असते, बसलेल्या माणसाच्या हातावर उजेड पडावा म्हणून. त्या खिडकीतून उजेडाचा पट्टा थेट करिष्माच्या गालावर पडला. ऋतू उड्या मारायची तेवढी राहिली.

"आजी, उजेड पाय ना! यासाठीच तं ही लेन्स हाये!"

प्रेमिला कमरेवर हात ठेवून बाजूला उभी. "फोटो काढ आधी. पाचही पूर्ण."

ऋतूनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागं सरकायला लागली. तीन हात, चार हात, पाच हात, सहा. सातव्या हाताला तिची पाठ धप्पकन लोखंडी पेटीवर आदळली.

तिनं कॅमेऱ्यातून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यात डोकावले. त्यात करिष्मा होती, एका बाजूची एक काकू होती, दुसऱ्या बाजूची एक मावशी होती. दुसऱ्या काकूचं नाक होतं. दुसऱ्या मावशीचं फक्त कोपर.

"आजी," ऋतू माझ्या कानाशी म्हणाली, "तेरा हात कुठी हायेत?"

मी मागं पाहिलं. तेरा हात होते. खोटं नव्हतं. पण मागचे तीन हात म्हणजे माझ्या विणायच्या मागाचा खड्डा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा माग जमिनीत असायचा. मागच्या भिंतीला पाठ लावून खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय खड्ड्यात सोडायचे, खालच्या पट्ट्या पायानं दाबायच्या आणि हातानं धोटा इकडून तिकडे पळवायचा. माग विकून अकरा वर्षं झाली. खड्ड्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर पेटी, गव्हाची कोठी आणि कूलर. फळ्या जुन्या, त्यांच्यावर कोणी उभं राहू नये म्हणून मीच दिवसातून चारदा ओरडते. पण माझ्या डोक्यात खोली अजून तिथूनच सुरू होते, जिथं माझी पाठ टेकायची. खड्डा मी खोलीत धरला. घरातल्या दुसऱ्या कोणीच धरला नसता.

"काय झालं वं?" प्रेमिला तिकडून.

"काई नाई, उजेड मोजून राहिली!" मी खोटं बोलले.

"आजी, दोन फोटो काढून जोडू का? अर्ध्या इकडच्या, अर्ध्या तिकडच्या?"

"अन् जोड करिष्माच्या नाकावर आला तं?"

"जुनी लेन्स लावू का?"

लावली. पाचही जणी आल्या, सगळ्या धुरासारख्या. ऋतूनं ती काढून पुन्हा फिफ्टी लावली. दारात हेमराज उभा होता. मला त्याच्या तोंडावर बँकेचा क्लास दिसला. पोरीनं माझ्या शब्दावर पस्तीस सोडली होती. दहा हात पाहिजे होते, आणि ते दहा हात माझ्या घरातच होते, पेटीखाली.

"हेमराज!" मी अशी ओरडले की गाणं म्हणणाऱ्या बाया थांबल्या. "पेटी उचल! कोठी सरकव! कूलर ओढ!"

"माय, आता? हळदीच्या मधात?"

"आताच! खड्डा उघडायचा हाये!"

"अय बाप्पा, काकूले ऊन लागलं," एक मावशी म्हणाली.

हेमराजनं माझ्याकडे पाहिलं, ऋतूकडे पाहिलं, आणि बाह्या वर केल्या. पेटी सरकली. कोठी सरकली. कूलर ओढताना त्यातलं पाणी सांडलं आणि बाया लुगडी वर धरून किंचाळल्या. मी स्वतः पहिली फळी उचलली. दुसरी ऋतूनं.

"बस इथी," मी तिला म्हटलं. "काठावर. पाय आत सोड. पाठ भिंतीले पूर्ण टेकव. कोपरं बरगड्यांले चिकटव, म्हणजे हात हलणार नाई. मी अशीच बसत होती."

ती बसली. पाय आत सोडले. पाठ भिंतीला लावली. कॅमेरा डोळ्याला लावला. मग हळूच म्हणाली, "आजी. पाचही. पूर्ण. अन् मी सगळ्यांच्या डोळ्यांच्या समोरासमोर हाये!"

असणारच. पाटावर बसलेली बाई आणि मागावर बसलेली बाई एकाच उंचीवर असतात. उभं राहून काढला असता तर सगळ्यांचे भांग आले असते.

"आता काढशील का मुहूर्ताची वाट पाहशील?" प्रेमिला म्हणाली.

ऋतूनं बोट दाबलं. एक फोटो निघाला, बरा, सगळ्या शहाण्यासारख्या बसलेल्या. दुसऱ्यासाठी ती म्हणाली, "आता हळद लावा, इकडं पाहू नका," आणि त्याच क्षणी तिच्या पायाला काहीतरी मऊ लागलं.

"आजीऽऽ! खड्ड्यात काहीतरी हाये!"

चीं चीं.

"कूलर तं बंद हाये," हेमराज हळूच म्हणाला.

खड्ड्यातून मांजराचं एक पिल्लू वर आलं. त्याच्यामागं दुसरं. मग तिसरं आणि चौथं. फळ्यांच्या कोपऱ्यातल्या भोकातून कधीतरी मांजर आत शिरली असेल, वर कूलरचं पाणी, खाली गारवा, उन्हाळ्यात बाळंतपणाला एवढी चांगली जागा अख्ख्या नागपुरात नव्हती. आणि माझा लेक महिनाभर त्या पिल्लांसाठी मोटरीला तेल पाजत होता.

पिल्लं सरळ बायांच्या दिशेनं निघाली. एक काकूच्या पदरात गेलं, काकू उडाली. एक करिष्माच्या पाटाखाली. आणि एक, सगळ्यांत बारकं, धावत येऊन थेट हळदीच्या परातीत पडलं. तिथून पिवळंधमक होऊन निघालं आणि प्रेमिलाच्या नव्याकोऱ्या पैठणीवर चार पावलं उमटवत तिच्या खांद्यावर चढून बसलं.

 सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. पिल्लानं तिच्या कानाचा वास घेतला.

आणि प्रेमिला हसली. साधी नाही. आधी तिच्या नाकातून एक आवाज निघाला, मग खांदे हलले, मग ती करिष्माच्या शेजारी धप्पकन बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला पाहून करिष्मा, करिष्माला पाहून मावश्या. मी हसत हसत गव्हाच्या कोठीला धरून उभी राहिले. माझ्या म्हाताऱ्याची पैज एका पिल्लानं जिंकली होती.

आणि भिंतीजवळून आवाज येत होता, खट खट खट खट. ऋतू कोपरं बरगड्यांना लावून बसली होती. ती स्वतःही हसत होती, पण हात हलत नव्हते.

संध्याकाळी लाइट आली तेव्हा तिनं लॅपटॉपवर फोटो लावले. अर्धी गल्ली मागं उभी. पहिला, शहाणा फोटो पाहून प्रेमिलानं मान हलवली, ठीक. मग दुसरा आला.

खिडकीचा उजेड आडवा पडलेला. मधात करिष्मा, मागे डोकं टाकून हसते आहे. दोन काकू, दोन मावश्या, हळदीचे हात हवेत. आणि पाचाच्या जागी सहा, कारण प्रेमिला मधात येऊन पडली होती. तिच्या खांद्यावर पिवळं पिल्लू. कोणाचा हात कापला नव्हता. शेपूटसुद्धा पूर्ण होती.

प्रेमिला लॅपटॉपजवळ वाकली. मग म्हणाली, "मी अशी दिसते?"

"आज दिसल्या," ऋतू म्हणाली.

"हा कोणाले दाखवू नको."

ऋतूचं तोंड उतरलं. हेमराजनं खाली पाहिलं.

"म्हणजे आधी मले मोठा करून दे, भिंतीवर लावाले," प्रेमिला म्हणाली. "मग दाखव सगळ्याईले. अन् भावाले मी फोन करते, तो उडणारा कॅमेरा उडवून दे म्हणा. लग्नाचं काम तुह्यं." जाता जाता दारात थांबली. "पण ऋतू, लग्नाले नंदनवनच्या हॉलमधे खड्डा कुठून आणशील वं?"

आणि पुन्हा हसली. एका दिवसात दोनदा.

हेमराजनं शब्द पाळला, एक शब्द बोलला नाही. फक्त ईश्वरदासांना सांगायला म्हणून मला सीताबर्डीत घेऊन गेला. ईश्वरदास फोटो पाहून म्हणाले, "आजी, पस्तीस घेतली असती तं खड्डा उघडाच लागला नसता." मी म्हटलं, म्हणूनच नाई घेतली. खरं काय ते त्यांनाही कळलं आणि मलाही. त्यांनी पोहे मागवले.

पिल्लांची आई त्याच दिवशी परत आली आणि सगळ्यांना घेऊन पुन्हा खड्ड्यात गेली. पिवळं मात्र प्रेमिलाकडेच राहिलं. कूलर आता खिडकीत आहे, खड्डा तसाच उघडा. ऋतू कोणाचाही फोटो काढायचा असला की त्याला समोरच्या भिंतीला बसवते आणि स्वतः माझ्या जागेवर जाऊन पाय सोडते.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती मला स्कूटीवर मागं बसवून नंदनवनच्या हॉलला घेऊन गेली. म्हणाली, आजी, यावेळी आधीच मोजून ठेवू. पेटी, खुर्ची, खांब, सगळं सोडून. मी पदर खोचला, गुळगुळीत फरशीवर गुडघे टेकले आणि स्टेजपासून हात टेकवत निघाले. सहा, सात, आठ. तिकडून हॉलचा मॅनेजर धावत आला.

"आजी, काई हरवलं का?"

"नाई गा," मी म्हटलं, "तू पाय उचल. तू नवव्या हातावर उभा हायेस."